गेममधल्या पात्राचं फोटोशूट : ऑर्डर घेण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत कॉस्प्लेचा विषय मी दोन मिनिटांत गुंडाळला होता, म्हणून इथे नीट लिहितो. आपल्यापैकी ज्यांची ड्रेपरी आहे, फोटो स्टुडिओ आहे किंवा पार्लर आहे, त्यांच्यासाठी हे काम चांगलं आहे. स्नेहसंमेलनं आणि शिवजयंती झाली की आमच्या दापोडीच्या दुकानात ड्रेस नुसते हँगरला लटकतात. कॉस्प्लेच्या गिऱ्हाइकाला सीझन नसतो.

कॉस्प्ले म्हणजे गेम, सिनेमा किंवा कॉमिकमधल्या पात्राचा हुबेहूब वेश करणं. फॅन्सी ड्रेसमध्ये ‘कोण ते कळलं’ की काम झालं. इथे बाहीची पट्टी अर्धा इंच चुकली तरी गिऱ्हाईक दाखवून देतं.

माझी पहिली ऑर्डर एका कॉलेजच्या मुलीची होती. तिला ‘राजी’ व्हायचं होतं. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलाय, २०२० साली आला. सर्कशीत काम करणारी राजी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. (या लोकांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी गेम पूर्ण केला. धंदेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.)

मी तोंडी ७,००० रुपये सांगून बसलो. खर्च बघा : कापड १,४००, शिलाई ९००, फोम-गोंद-रंग १,१००, मेकअप १,५००, फोटोग्राफर ३,०००, रिक्षा आणि चहा-नाश्ता ६००. बेरीज ८,५००. पंधराशे खिशातून गेले आणि माझे चार दिवस धरलेलेच नाहीत. बीबीए केलेला माणूस, पण कॉस्टिंग न करता भाव सांगितला! आता मी आधी विचारतो, ड्रेस शूटनंतर कोणाकडे राहणार? तिच्याकडे राहणार असेल तर पूर्ण खर्च अधिक मजुरी. दुकानात राहणार असेल तर भाव कमी, कारण तो पुढे भाड्याने जातो. त्या ड्रेसनं नंतर दोन भाड्यांतच तोटा भरून काढला.

तयारीला सुरुवात गेमपासून करा, गूगलवरच्या फोटोंपासून नको. दुसऱ्यांनी केलेले कॉस्प्ले बघून शिवलं की त्यांच्या चुकाही येतात. गिऱ्हाइकाला गेम चालू करायला लावा आणि पुढून, मागून, बाजूने स्क्रीनशॉट घ्या. मागची बाजू विसरू नका. गेममध्ये आपण पात्राची पाठच जास्त बघतो, त्यामुळे फॅनला ती तोंडपाठ असते.

शस्त्र फोमचंच करा. ईव्हीए फोम हीट गननं वाकतो, फेविकॉल एसआरनं चिकटतो, आत पीव्हीसी पाइप घातला की त्रिशूळ सरळ राहतो. मी पहिल्यांदा पैसे वाचवायला थर्माकोल घेतला. शूटच्या आदल्या रात्री त्यावर स्प्रे पेंट मारला आणि डोळ्यांदेखत त्रिशुळाचं टोक विरघळलं! स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. रात्री एकपर्यंत बसून फोमचं नवीन केलं. लोखंडी किंवा धार असलेलं काही नकोच. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर समजावणं अवघड, आणि उडी मारताना लागलं तर वेगळंच. फोमचं असलं तरी चादरीत गुंडाळून न्या.

आता जागा. इथेच आमचा दिवस जवळजवळ गेला होता. एका जुन्या दगडी वास्तूत ‘कोण विचारतंय’ म्हणून परवानगी न घेता गेलो. वॉचमननं गेटवरच थांबवलं, त्याचं बरोबरच होतं. मुलगी पूर्ण मेकअपमध्ये, ऊन चढतंय, काजळ ओघळतंय. सहा महिने पैसे साठवले होते तिने. काही बोलली नाही, नुसती रिक्षात बसून राहिली. तेव्हा सांगतो : पुरातत्त्व खात्याची वास्तू असो, देवस्थान असो की मेट्रो स्टेशन, आधी विचारा, परवानगी लेखी घ्या. आपल्या भागात सीएमईसारखी लष्करी हद्द आहे, तिकडे कॅमेरा काढूच नका.

शेवटी दापोडीला परत आलो आणि संध्याकाळी साडेपाचला बिल्डिंगच्या गच्चीवर शूट केलं. मागे टाकीची सिमेंटची भिंत, बाजूने तिरपं ऊन. फोटोग्राफर टाकीच्या शिडीवर चढला आणि वरून घेतलं, कारण त्या गेमचा कॅमेराही बराच वेळ लांबून, उंचावरून बघतो. मग जमिनीवर आडवा पडून उडीचे फोटो, शटर एक हजारांश सेकंद. त्रिशूळ कॅमेऱ्याकडे रोखला की जवळचं टोक मोठं दिसतं, फोटोत जोर येतो. वीस मिनिटंच चांगला उजेड मिळाला. तिने निवडलेले सगळे फोटो त्या वीस मिनिटांतले होते.

अजून एक चूक. त्यातला एक फोटो मी न विचारता दुकानाच्या स्टेटसला टाकला. रात्री तिच्या वडिलांचा फोन आला, ‘दादा, आमच्या मुलीचा फोटो तुमच्या जाहिरातीला का?’ लगेच काढला, माफी मागितली. आता बिलावरच ओळ छापलीय : फोटो जाहिरातीसाठी वापरायला परवानगी – आहे / नाही, खाली सही. अठरा वर्षांखालचं गिऱ्हाईक असेल तर पालकांची सही, आणि शूटला घरचं कोणीतरी सोबत. पात्र गेम कंपनीच्या मालकीचं असतं हेही ध्यानात ठेवा. हौसेचा फोटो वेगळा, त्याचे पोस्टर छापून विकणं वेगळं.

ॲडव्हान्स निम्मा घ्या, कापड घ्यायच्या आधी. पुढच्या व्हिडिओत त्रिशूळ कापून दाखवणार आहे. सोबत करायचा असेल तर ६ आणि १० मिलिमीटरची फोम शीट, नवीन ब्लेडचा कटर आणि रबरी हातमोजे आणून ठेवा. एसआर लावताना खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.