क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स भरता, पण पैसे अडकले तर दाद कुठे मागणार?

परवा टपरीवर चहा पिताना ऑफिसमधला एक ज्युनिअर म्हणाला, "दादा, सरकार क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स घेतं, म्हणजे ते सरकारमान्यच झालं ना?" हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टॅक्स आहे हे खरं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. एका कॉइनमध्ये तोटा झाला तर तो दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. पण टॅक्स घेतला म्हणजे सरकारने तुमच्या पैशांची हमी घेतली, असं होत नाही.

बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. शेअर घेतले तर ते ब्रोकरकडे नाही, तुमच्या नावाच्या डिमॅट खात्यात असतात, आणि वर सेबी बसलेली असते. क्रिप्टो एक्स्चेंजच्या ॲपमध्ये मात्र तुम्हाला दिसतो तो फक्त एक आकडा. खरे कॉइन कंपनीच्या वॉलेटमध्ये असतात आणि त्याच्या चाव्याही कंपनीकडेच.

याचा अर्थ काय, ते १८ जुलै २०२४ ला कळलं. वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले. वॉलेट साधं नव्हतं, मल्टिसिग होतं. म्हणजे अनेकांनी सही केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. तरीही गेले! कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. (आम्ही डेव्हलपर लोक 'स्क्रीनवर दिसतंय ना, मग झालं' म्हणतो, ते इथे किती महागात पडलं बघा.)

त्यानंतर पैसे काढणं बंद. ग्राहक भारतातले, पण प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात, कारण तिथली कंपनी तिथे गेली. एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तोटा सगळ्या ग्राहकांमध्ये वाटायचा असं ठरत होतं, म्हणजे ज्यांचे कॉइन चोरीला गेलेच नव्हते त्यांनाही झळ. अशाच एका ग्राहकाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते. माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे. पण ग्राहकाला त्यासाठी हायकोर्टात जावं लागलं.

मग नियम काहीच नाहीत का? आहेत, पण वेगळ्या कामाचे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. केवायसी त्यासाठीच. ही नोंदणी काळा पैसा शोधायला आहे, तुमचा पैसा सांभाळायला नाही. तरी नोंदणीच नसलेल्या ॲपपासून लांबच राहा. युरोपियन युनियनने 'मिका' नावाचा कायदा आणला, त्यात ग्राहकांचे कॉइन कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळे ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे हवंय ते नेमकं हेच.

तोवर एवढं करा. पैसे टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात थोडी रक्कम बँकेत परत काढून बघा. मोठी रक्कम एक्स्चेंजवर ठेवू नका. स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतलीत तर सीड फ्रेजचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहा, स्क्रीनशॉट नको. टेलिग्रामवर कोणी 'दरमहा १० टक्के फिक्स' म्हणालं तर ते क्रिप्टो नाही, ती चेन स्कीम आहे. पुण्यात गेन-बिटकॉइनने हीच भाषा वापरली होती. आणि फसलातच, तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आधीच ती गोठवता येते.