चार रायफली, एक डबा

रायफल वेगळी म्हणजे पावडर वेगळी, असं रिलोडिंगच्या नादाला नव्याने लागलेल्या जवळपास प्रत्येकाला वाटतं. दुकानात पाऊल टाकलं की ते पक्कंच होतं. कॅन्ससमध्ये, आमच्या ओव्हरलँड पार्कच्या आसपास, शिकारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत एक अख्खी मांडणी नुसत्या पावडरींची असते. पौंडापौंडाचे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकावर निराळं नाव, निराळा आकडा. आमच्या रेंजवर हल्ली यायला लागलेला पुण्याचा एक मुलगा अशाच मांडणीसमोर उभा राहून मला फोन करत होता.

"ताई, माझ्याकडे चार रायफली आहेत. चार डबे घेऊ का? दोनशे डॉलर होतायत."

"एकच घे," मी म्हटलं. "पण कुठला, ते मागाहून. आधी सांग, चारातली जास्त कुठली चालवतोस?"

त्याला प्रश्न उगाच टाळल्यासारखा वाटला. पण उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, पोटात पावडर आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, पावडर जळते, प्रायमर कामातून जातो. पुंगळी तेवढी मागे राहते. ती डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून पावडर घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हे झालं रिलोडिंग. आमच्या कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत किंवा पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसळे यांच्या .२२ रायफलीचं काडतूस मात्र असं पुन्हा भरत नाहीत, कारण त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या काठातच बसवलेला असतो.

भारतात काडतूस बनवायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. रायफलीची काडतुसं वरणगावसारख्या कारखान्यात बनतात, घरच्या टेबलावर नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, त्यामुळे गावोगाव तळघरांत आणि गॅरेजांत हे काम चालतं. काही जण पैसे वाचवायला करतात, काही जण आपल्या एका विशिष्ट रायफलीला मानवेल असं काडतूस मिळावं म्हणून.

मधली पावडर

आजची पावडर म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू नव्हे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली. आजच्या रायफल-पावडरी तिच्याच वंशातल्या. काहींत नायट्रोग्लिसरीनही असतं. कुणाचा दाणा बारीक काडीसारखा, कुणाचा गोल, कुणाचा चपटा. दाण्याचा आकार, घाट आणि त्यावर चढवलेला लेप यांवर ती किती वेगाने जळेल हे ठरतं.

वेगाची ही गोष्ट चुलीपाशी बसलेल्याला लगेच कळेल. काटक्या घातल्या की क्षणात भडका उठतो, ओंडका घातला की धग हळूहळू वाढते आणि टिकते. लहान पुंगळी आणि हलकी गोळी असेल तर पावडर काटक्यांच्या बाजूची लागते. पुंगळी मोठी आणि गोळी जड असेल तर ओंडक्याच्या बाजूची. फक्त इथे सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो, आणि तेवढ्यात .३०८ सारख्या रायफलीच्या नळीत दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांच्या घरातला दाब तयार होतो.

त्या मुलाच्या चार रायफली अशा: .२२३ रेमिंग्टन, .२४३ विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड. यातल्या मधल्या दोघी सख्ख्या बहिणी. १९५२ मध्ये .३०८ बाजारात आली आणि १९५५ मध्ये तिचीच पुंगळी मानेशी आवळून .२४३ केली गेली. पोटात जागा जवळपास तेवढीच, पण एकीची गोळी ७.८ मिलिमीटर जाडीची आणि दुसरीची ६.२ मिलिमीटरची. गोळी इंचभर पुढे सरकली की मागच्या वायूला पसरायला नवी जागा मिळते. अरुंद नळीत ती जागा कमी मिळते, म्हणून दाब लवकर चढतो. त्यामुळे पुंगळी तीच असूनही .२४३ ला, विशेषतः जड गोळीसाठी, जरा सावकाश जळणारी पावडर मानवते. .२२३ ची पुंगळी जेमतेम ४५ मिलिमीटर लांबीची, तर .३०-०६ ची ६३. चौघींना एकच पावडर द्यायची तर ती वेगाच्या रांगेत मध्यावर बसणारी हवी.

ही रांग छापील तक्त्यात मिळते, पण तिच्यावर फार विसंबू नये. त्यात कोण कुणाच्या पुढे ते कळतं, किती पुढे ते कळत नाही. तक्त्यात दोन पावडरी शेजारी दिसल्या म्हणून एकीचं वजन दुसरीला लावणं हा हात गमावायचा मार्ग आहे.

युद्धातून उरलेली

मध्यावरची जुनी आणि खात्रीची पावडर म्हणजे ४८९५. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या एम-१ गॅरंड रायफलीच्या .३०-०६ काडतुसांत ती भरली जात होती. युद्ध संपलं आणि सरकारकडे तिचे ढीग उरले. ब्रूस हॉजडन या गृहस्थाने त्यातली ५० हजार पौंड पावडर विकत घेतली, रेल्वेचा एक जुना मालडबा आणून कुरणात ठेवला आणि त्यात ती साठवली. त्याची दोन्ही मुलं शाळेला जाताना घरच्या गाडीतून पावडरीची खोकी पोहोचवायची. त्याची हॉजडन कंपनी आजही आमच्याच भागात, शॉनीला आहे. युद्धातला माल कधीच संपला. आज एच ४८९५ नावाने मिळणारी पावडर ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथे बनते.

युद्धासाठी बनलेली पावडर शिकाऱ्यांना आणि कागदावर नेम धरणाऱ्यांना इतकी का पटली? मधल्या आकाराच्या पुंगळीत ती जवळपास पूर्ण भरते. आत पोकळी थोडी राहिली की प्रत्येक बार सारखा पेटतो आणि गोळीचा वेगही बारामागून बार सारखा राहतो. आणखी एक गुण मला शिकवताना उपयोगी पडतो. एच ४८९५ चा बार हलका करता येतो. कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायची मुभा कंपनीच देते, त्यामुळे नवख्या माणसाच्या खांद्याला धक्का कमी बसतो. ही मुभा सगळ्या पावडरींना नाही. सावकाश जळणारी पावडर फार कमी घातली तर दाब उलट धोकादायक पातळीवर जाऊ शकतो.

हवामानाचंही पाहावं लागतं. कॅन्ससमध्ये जुलैत पारा ३८ सेल्सिअसला टेकतो आणि डिसेंबरात हरणाच्या हंगामात पहाटे शून्याच्या बऱ्याच खाली जातो. काही पावडरी उन्हात तापल्या की वेग आणि दाब दोन्ही चढतात. एच ४८९५ आणि तिची मुलवालाचीच बहीण व्हारगेट या दोघी उन्हाथंडीत त्या मानाने स्थिर राहतात. व्हारगेट जरा सावकाश जळते. .२२३ आणि .३०८ मध्ये जड गोळ्या वापरणारे बरेच जण हिच्याकडे वळतात.

गुजरीतला काटा

एकाच पावडरीवर राहायचं तर काय सोडावं लागतं, तेही सांगायला हवं.

पहिली गैरसोय हाताला कळते. ४८९५ चे दाणे काडीसारखे. पावडर मापाने टाकताना दांडा फिरवला की कधीकधी एखादी काडी कडेत सापडते, हाताला बारीक कचका बसतो आणि ती कापली जाते. मग या बारात चार काड्या जास्त, पुढच्यात चार कमी. .२२३ च्या बारीक तोंडाच्या फनेलमध्ये त्या आडव्या अडकतात आणि बोटाने टिचकी मारावी लागते. गोल दाण्याची रॅमशॉट टॅक पाण्यासारखी वाहते, तिथे ही कटकट नाही. म्हणून मी माप मुद्दाम किंचित कमी लावते, पुंगळीऐवजी काट्याच्या पारड्यात टाकते आणि उरलेलं ट्रिकलरची घुंडी फिरवत एकेक काडी सोडून पुरं करते.

हे काम माझ्या अंगात आधीपासून आहे. वडिलांचं कोल्हापूरच्या गुजरीत सोन्याचांदीचं दुकान होतं आणि काचेच्या पेटीतला काटा ही माझी शाळेनंतरची करमणूक. पावडरीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हेच ग्रेन इंग्रजांनी तोळ्यालाही लावलं होतं: १८० ग्रेनचा एक तोळा. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला जरा कमी. माझा इथला काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. गुंजेच्या अठराव्या-एकोणिसाव्या हिश्श्यापर्यंतचा हिशेब वडिलांनीही कधी केला नसेल.

दुसरी उणीव याच तोळ्यापाशी येते. .३०-०६ मधली एक प्रसिद्ध गोळी बरोबर १८० ग्रेनची असते, म्हणजे एक तोळ्याची. एवढी जड गोळी ढकलायला ४८९५ घाईची ठरते. दाबाची मर्यादा आधी येते आणि वेग मागे राहतो. तिथे ४३५० सारखी सावकाश पावडर जास्त वेग देते. .२४३ मध्ये १०० ग्रेनच्या गोळीचंही तेच. पण .३०-०६ मध्ये १५० ग्रेनची गोळी घेतली तर ४८९५ घरच्या मैदानावर असते, कारण गॅरंडची गोळी याच वजनाच्या आसपास होती. म्हणजे पावडर एकच ठेवायची तर गोळ्यांची निवड तिच्या कलाने करायची. आमच्या भागातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १५० ग्रेन पुरून उरते.

या उणिवा पत्करून मी एकाच डब्यावर का राहते? लोकांना वाटतं पैशांसाठी. थोडेफार वाचतात, पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. रिलोडिंगमधली सगळ्यात वाईट चूक म्हणजे मापात भलतीच पावडर ओतली जाणं. दोन पावडरी शेजारी ठेवल्या तर रंग सारखा, काड्या सारख्या, ओळखायला फक्त डब्यावरचं नाव. रायफलीच्या पुंगळीत पिस्तुलाची झटकन जळणारी पावडर गेली तर रायफल फुटते. घरात रायफलीची पावडर एकच असली आणि पिस्तुलाची खोलीतच नसली, तर ही चूक व्हायला वावच राहत नाही.

अर्थात पावडर एक म्हणजे वजन एक नव्हे. प्रत्येक काडतुसाला, प्रत्येक गोळीला वेगळं वजन, आणि ते पावडर कंपनीच्या किंवा लायमनसारख्या हँडबुकच्या ताज्या आवृत्तीतून घ्यायचं. म्हणूनच या लेखात मी पावडरीचं एकही वजन दिलेलं नाही. सुरुवात पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून, कमाल वजनापासून कधीच नाही. डबा घेताना नाव अख्खं वाचायचं: एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ एकाच फळीवर असतात, आकडा एकच, पण पावडरी दोन आहेत आणि एकीचा तक्ता दुसरीला चालत नाही. उरलेली पावडर मूळ डब्यातच ठेवायची. अमेरिकी अग्निसुरक्षा नियमावली घरात २० पौंडांपर्यंत पावडर ठेवू देते, तीही मूळ डब्यांत असेल तर.

त्या मुलाचं उत्तर अखेर आलं. तो बहुतेक वेळा .३०८ चालवतो, कागदावर. .२२३ कधीमधी, .२४३ आणि .३०-०६ वर्षातून एकदा हरणासाठी. मग हिशेब सरळ आहे. जी रायफल सगळ्यात जास्त पावडर खाणार तिला उत्तम ते द्यायचं, आणि इतरांना त्यातलंच चालेल अशा गोळ्या निवडायच्या. त्याने एच ४८९५ चा एक डबा घेतला. मी त्याला एक वही घ्यायला लावली: चार रायफलींना चार पानं, प्रत्येक पानावर गोळी, वजन, तारीख, त्या दिवसाचं तापमान आणि कागदावरच्या भोकांची दाटी. एखाद्या .२७० चा किंवा ७ मिलिमीटर मॅग्नमचा मोह झाला की दुसरा डबा आणावाच लागेल. तोपर्यंत दुकानातल्या त्या मांडणीसमोर त्याला थांबायचं कारण नाही.