मामा तलावांचे आरोग्य आणि गावचे स्वयंसेवक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील भातशेतीला जुन्या मालगुजारी तलावांचा मोठा आधार आहे. जमिनीचा उतार अचूक हेरून मातीच्या पाळी घालण्याची विद्या या भागातील कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या जतन केली आणि त्यातून हजारो लहानमोठे तलाव निर्माण झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, तलाव सरकारच्या मालकीचे झाले व 'माजी मालगुजारी' या शब्दांवरून 'मामा तलाव' हे सुटसुटीत नाव रूढ झाले. मालगुजारी गेली हे इष्टच झाले. परंतु पाळीची डागडुजी, तुडुमाची दुरुस्ती व पाटांची सफाई ही उन्हाळ्यातील कामे गावाने मिळून करण्याची जुनी वहिवाटही तिच्याबरोबर अनेक ठिकाणी खंडित झाली. ती पुन्हा सुरू करावयाची झाल्यास तलावाचे आरोग्य म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

तलाव बिघडला म्हणजे गाळाने भरला आणि सुधारला म्हणजे खोल झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. गाळाने साठवण कमी होते व तो काढून शेतात पसरल्यास जमिनीचा कस सुधारतो, हे निर्विवाद होय. २०१७ साली सुरू झालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे. परंतु यंत्राने संपूर्ण तळ सरसकट खरवडला गेला, तर गाळाबरोबर पाणवनस्पतींचे कंद व बीही निघून जाते. काठाची उथळ, उतरती जमीन नाहीशी होऊन सरळ कड्यांचे खड्डे उरतात. तलावात पाणी भरपूर, पण मासळी नाही व पाखरेही नाहीत, अशी स्थिती मग उद्भवते. भातकरी शेतकऱ्यास हा तोटा लगेच जाणवत नाही. ज्या ढिवर कुटुंबांचे पोट मासेमारीवर चालते, त्यांना तो पहिल्याच वर्षी जाणवतो.

याचे कारण असे की, हायड्रिला, सिरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया यांसारख्या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती हा तलावाचा खरा संसार आहे. सूर्यप्रकाशात त्या पाण्याला प्राणवायू पुरवितात, पाण्यात विरघळलेली खतद्रव्ये शोषून घेतात आणि गाळ स्थिर ठेवण्यास मदत करतात. अनेक जातींचे स्थानिक मासे त्यांच्या आश्रयाने अंडी घालतात व पिले त्यांतच दडून वाढतात. या वनस्पती नाहीशा झाल्या आणि वरच्या अंगाच्या शेतांतून खत वाहून येत राहिले, की त्या खतावर सूक्ष्म शेवाळ माजते, पाणी हिरवेगार होते व प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. शेवाळ रात्री प्राणवायू खर्च करते आणि मेल्यावर कुजतानाही करते. म्हणून प्राणवायूचा तुटवडा पहाटे सर्वांत तीव्र असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा गिळताना दिसू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

याची पूर्वसूचना मिळविण्यासाठी प्रयोगशाळेचीच गरज आहे असे नाही. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घेऊन तिचे चार समान भाग करावेत व ते आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. मध्यभागी दोरी बांधून खाली वजन अडकवावे आणि दोरीवर खुणा कराव्यात. इटलीतील अँजेलो सेक्की या शास्त्रज्ञाने १८६५ साली वापरलेली ही रीत आजही जगभर स्वयंसेवक वापरतात. दुपारच्या सुमारास, नावेच्या सावलीच्या बाजूने तबकडी पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी वहीत तारखेसह लिहावी. पंधरा दिवसांतून एकदा, एकाच जागी, शक्यतो एकाच माणसाने हे मापन करावे. पाणी गढूळ आढळल्यास काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे. माती बरीचशी तळाशी बसते. हिरवेपणा तसाच राहिल्यास शेवाळाचा संशय घ्यावा. वर्षभराची अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर तोंडी तक्रारींपेक्षा तिचे वजन निश्चितच अधिक पडते.

प्रत्यक्ष श्रमाचे पहिले काम म्हणजे बेशरमाचे निर्मूलन. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गुरे खात नाहीत, म्हणून आपणच तिला कुंपणासाठी जवळ केले आणि आज अनेक तलावांचे काठ तिने व्यापले आहेत. ती नुसती छाटून उपयोग नाही. पाण्यात पडलेल्या तुकड्यालाही मुळे फुटतात. चैत्र-वैशाखात तळ उघडा पडला म्हणजे ती मुळासकट उपटावी व उंच जागी पूर्ण वाळू द्यावी. नंतर निवडक जागी तळ हलका नांगरून ठेवावा आणि पहिल्या पावसानंतर, पाणी घोट्याएवढे असताना, जवळच्या निरोगी तलावातून आणलेल्या पाणवनस्पतींचे झुपके चिखलात रोवावेत. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत ही पद्धत काही तलावांवर अमलात आली असून तीत ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगी व ती किती पाण्यात रुजते, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. तेव्हा लागवडीची आखणी त्यांना विचारूनच करावी, केवळ मजुरीसाठी बोलावू नये. लावलेल्या जागेत गुरे शिरू देऊ नयेत. तसेच मच्छीमार संस्थेने त्या तलावात ग्रास कार्प सोडू नये, कारण तो मासा नवी लागवड खाऊन टाकतो.

गाळ काढावयाचा असल्यास पाळीच्या पायथ्यालगत खोदू नये, मुरूम लागेपर्यंत खोल जाऊ नये आणि काठाचा उथळ पट्टा राखावा. खोदकामापूर्वी तलाव ज्यांच्या ताब्यात असेल त्या जिल्हा परिषदेची किंवा जलसंधारण विभागाची लेखी परवानगी अवश्य घ्यावी. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, खत दिल्यावर बांधीतले पाणी लगेच सोडू नये व फवारणीचे पंप तलावात धुऊ नयेत.

सर्वांत नाजूक प्रश्न बुडीत जमिनीवरील अतिक्रमणाचा आहे. तळात पीक घेता यावे म्हणून कोणी तुडूम वेळेपूर्वीच उघडतो आणि खालच्या भाताचे व मासळीचे नुकसान होते. या बाबतीत स्वयंसेवकांनी स्वतः हातघाईवर येऊ नये. पाणी केव्हा व किती सोडावयाचे, उन्हाळ्यासाठी किती राखावयाचे, याचा ठराव पावसाळा संपताच ग्रामसभेत शेतकरी व मच्छीमार दोघांच्या संमतीने करून घ्यावा, पाण्याची ठरलेली पातळी तुडुमाजवळच्या दगडावर रंगाने दाखवावी, आणि तबकडीच्या वहीतच दर पंधरवड्यास तिची नोंद करीत जावे.