अकरा पोरं, एक सर आणि दहा हंगाम

मेहरूण म्हटलं की जळगावकराला आधी तलाव आठवतो, मग बोरं. मेहरूणचं बोर हे वाण महाराष्ट्रभर गावाच्या नावाने ओळखलं जातं. एकेकाळचं हे स्वतंत्र गाव आता शहरात पुरतं मिसळून गेलं आहे. एच. जे. थीम कला व विज्ञान महाविद्यालय इथलंच. अशी कॉलेजं अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशी तालुक्यातालुक्यात आहेत आणि त्यांच्या फुटबॉलवर दिवाळी अंकात सहसा कुणी लिहीत नाही. क्रिकेटवर लिहितात, कुस्तीवर लिहितात. विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरून संध्याकाळच्या एसटीने घरी परतणाऱ्या संघावर काय लिहायचं, असं वाटत असावं. माझ्या मते लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. लहान कॉलेजचा संघ सलग दहा वर्षं मैदानात उतरत राहावा यासाठी काय काय जुळून यावं लागतं, हे पाहिलं की खेळाबरोबर कॉलेजही कळतं.

आधी साधा हिशेब. पदवी तीन वर्षांची. पहिल्या वर्षी मुलगा नवखा असतो, दुसऱ्या वर्षी त्याला जागा मिळते, तिसऱ्या वर्षी तो कर्णधार होतो आणि मार्चमध्ये निघून जातो. म्हणजे दहा वर्षांत अख्खा संघ तीनदा बदलतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा २५ वर्षांची असली, तरी एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग नसलेल्या कॉलेजला तिचा फारसा उपयोग नाही. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यातलं चौथं वर्ष घेणारा खेळाडू आता एक हंगाम जास्त मिळू शकतो, पण घरची शेती आणि नोकरीची निकड पाहता किती मुलं थांबतील, याची मला शंका आहे.

हंगाम असतो तरी केवढा? जून-जुलैत प्रवेश, मग नोटीस बोर्डावर निवड चाचणीची सूचना. पात्रतेचे अर्ज, बोनाफाईड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, ओळखपत्रं. विभागीय स्पर्धा, त्यातून आंतरविभागीय, तिथे निवड झालेल्यांचं प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. या सगळ्याच्या मध्ये गणपती, सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. एका लहान कॉलेजच्या वाट्याला वर्षाचे दोन सामने येतात, चार आले तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. त्या दोन सामन्यांसाठी अकरा जण आणि चार-पाच राखीव खेळाडू गोळा करायचे. कबड्डीला सात जण आणि उघडे पाय चालतात. फुटबॉलला बूट लागतात, मोजे लागतात, नडगीला पॅड लागतात, आणि गोलरक्षक व्हायला कुणी तयार होत नाही.

खानदेशचं आणखी एक दुखणं म्हणजे जमीन. काळी कापसाची माती पावसात बुटाला चिकटून पायात मणाचं ओझं करते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घोटा मुरगळायला ती भेग पुरते. जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांना भिडतो, तेव्हा सकाळी आठनंतर सराव नाही. जगात हा खेळ हिरवळीवर वाढला. आमच्या मुलांना मुरूम टाकलेलं मैदान मिळालं तरी मोठी गोष्ट.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि खानदेशातल्या मुलाला विद्यापीठाच्या संघात शिरायचं तर पुण्यातल्या, मैदानं आणि क्लब हाताशी असलेल्या कॉलेजांशी झुंजावं लागे. स्वतंत्र विद्यापीठामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मुलांना विद्यापीठाची जर्सी आवाक्यात आली. पुढे, २०१८ मध्ये, विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. नव्या विद्यापीठाचे फायदे मोजताना आपण पदव्या आणि अभ्यासक्रम मोजतो. तालुक्यातल्या पोराच्या अंगावर आलेली ही जर्सीसुद्धा त्यातच धरायला हवी.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्याच्या मैदानांपैकी एक होतं. त्याच्या वातावरणनिर्मितीसाठी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ घेतलं: एकाच दिवशी महाराष्ट्रभर दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा. गावोगावच्या शाळा-कॉलेजांची मैदानं भरली. हा उपक्रम मला मनापासून आवडला होता. परंतु खेळ रुजायला सोळा सप्टेंबर लागतो. त्या दिवशी चेंडू कुणाच्या ताब्यात होता, हवा कोण भरत होतं, साडेपाचला मैदानाचं फाटक कोण उघडत होतं, यावर सगळं ठरलं.

हे फाटक उघडणाऱ्या माणसाचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण नागपूरचं आहे. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभारलेलं. तिथे विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या पावसाळ्यात त्यांना झोपडपट्टीतली काही मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. बारसे सरांनी त्यांना चेंडू दिला. जितका वेळ मुलं खेळत होती, तितका वेळ ती व्यसनांपासून आणि भांडणांपासून लांब होती, हे त्यांच्या लक्षात आलं. क्रीडाशिक्षकाची नजर म्हणतात ती हीच. इतरांना तिथे दंगा दिसला असता.

नागपूरला फुटबॉल नवा नव्हता. मोमीनपुऱ्याचा यंग मुस्लिम, कामठीचा रब्बानी ही नावं विदर्भात जुनी आहेत. पण ते क्लबांचं फुटबॉल होतं. बारसे सरांनी झोपडपट्टीच्या मुलांसाठी वेगळी स्पर्धा भरवायचं ठरवलं आणि २००२ च्या स्पर्धेला १२८ संघ आले. १२८ संघ म्हणजे सातजणांचा संघ धरला तरी नऊशेच्या घरात पोरं! इतकी मुलं शहरात होती, खेळायला तयार होती आणि कुठल्याही कॉलेजच्या, शाळेच्या किंवा क्लबच्या यादीत नव्हती. या आकड्यासमोर आपल्या क्रीडा विभागांनी थोडं थांबायला हवं होतं.

हेच काम पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर गेलं. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून बारसे सरांनी शहराबाहेर जमीन घेतली, मुलांना हक्काचं मैदान असावं म्हणून. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून या कामात उतरला. निवृत्तीच्या पैशातून माणूस घर बांधतो, मुलीचं लग्न करतो. इथे मैदान झालं. लहान संघ दहा वर्षं टिकवण्याची किंमत काय असते, हे यावरून समजावं.

स्लम सॉकरची मुलं पुढे ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळली, ती स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, छोटंसं मैदान. तिचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे दरवर्षी संपूर्ण नवा संघ. अभ्यासक्रम संपला की खेळाडू गमावणाऱ्या कॉलेजच्या संघाचीच ही टोकाची अवस्था. जो संघ दरवर्षी शून्यातून उभा राहतो, त्याचं सातत्य खेळाडूंत शोधून सापडत नाही, ते शिकवणाऱ्यांत असतं. २०१० मध्ये रिओ द जानेरोला, कोपाकबानाच्या किनाऱ्यावर, भारताचं नेतृत्व नागपूरच्या अखिलेश पॉलने केलं. बादलीपासून रिओपर्यंत नऊ वर्षं लागली. अखिलेश पुढे स्वतः प्रशिक्षक झाला, आणि माझ्या लेखी दहा वर्षांतला सर्वांत मोठा निकाल हाच. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि अमिताभ बच्चन यांच्या रूपाने बारसे सर घराघरांत पोहोचले. सिनेमा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्याच कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाचं नाव आठवलं असेल?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, लंबगोल चेंडूचा. तरी केंटकीतल्या डॅनव्हिल गावच्या सेंटर कॉलेजची हकिकत इथे सांगावीशी वाटते. विद्यार्थी जेमतेम तीनशे. २९ ऑक्टोबर १९२१ ला या कॉलेजने बलाढ्य हार्वर्डला त्यांच्याच मैदानावर ६-० असं हरवलं. विजयी धाव बो मॅकमिलिन या खेळाडूची. त्याच्यामागे होता रॉबर्ट मायर्स हा कॉलेजचाच माजी विद्यार्थी. त्याने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या शाळेत मुलं घडवली आणि १९१७ च्या सुमारास त्यातली काही आपल्या जुन्या कॉलेजात आणली. संघ आपल्यापेक्षा मोठा होतोय हे दिसताच त्याने प्रशिक्षकपद चार्ली मोरनकडे सोपवलं आणि स्वतः व्यवस्था पाहिली. डॅनव्हिलमध्ये तेव्हा भिंतींवर रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं ‘सी ६ एच ०’ रंगवलं गेलं, आणि शंभर वर्षांनंतरही ते कॉलेजात जपलेलं आहे. तीनशे मुलांच्या कॉलेजला आपला एक निकाल शतकभर लक्षात ठेवता येतो.

आपल्याकडे असं जपणं कोल्हापुरात दिसतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी पिढ्यान् पिढ्या शाहू स्टेडियमवर एकमेकींशी भिडत आल्या आहेत, आणि कोणत्या साली कोण जिंकलं हे पेठेतला पानवालासुद्धा सांगतो. तिथे संघाला पेठ सांभाळते. खेळाडू गेला तरी गल्ली जागेवर असते. २०१७ चा विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. कॉलेजच्या संघामागे गल्ली नसते. माजी विद्यार्थी विखुरतात, प्राचार्य बदलतात, मैदानावर नवी इमारत उभी राहते. उरतो तो शारीरिक शिक्षण संचालक. त्याच्या कपाटात जुने पात्रता अर्ज, संघाचे फोटो, गोल कुणी केला याच्या नोंदी असतात. तो ज्या दिवशी निवृत्त होतो, त्या दिवशी कॉलेजचा फुटबॉलही बहुतेक वेळा निवृत्त होतो.

म्हणून सर्वांत जास्त नुकसान होतं ते रिकाम्या पदाने. चेंडूची किंमत कमी आहे, जर्सी वर्गणीतून होते. परंतु पद रिकामं ठेवून एखाद्या मराठीच्या किंवा वाणिज्याच्या प्राध्यापकाकडे क्रीडा विभागाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ दिला की संघ फक्त कागदावर राहतो. तो प्राध्यापक मनाने कितीही चांगला असो, पहाटे साडेपाचला मैदानावर असणं हे त्याचं काम नाही. मुलगा एकदा आला, दुसऱ्यांदा आला, सर दिसले नाहीत, तिसऱ्यांदा तो येत नाही.

खानदेशातल्या प्रत्येक महाविद्यालयाला माझ्या दोन मागण्या आहेत. क्रीडा संचालकाचं पद एक दिवसही रिकामं ठेवू नका. आणि निवृत्त होणाऱ्या सरांकडून दहा-वीस वर्षांच्या संघांची नावं, निकाल आणि फोटो एका वहीत लिहून घ्या, ती वही ग्रंथालयात दाखल करा. त्या संघांत खेळलेल्या वाचकांनी वाट न पाहता आपल्या हंगामाचं पान स्वतःच लिहून कॉलेजकडे पाठवावं.