गिऱ्हाइकाचा चेहरा



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावरून बोनस, ठेकेदारी किंवा किमान वेतन यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका फोटोग्राफरविषयी बोलणार आहे. कलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. माझे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत. तेव्हा बोलण्यात काही अधिकउणे झाले तर आपण सांभाळून घ्यावे. हा विषय माझ्याकडे आला तोही एका शोकसभेतून.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात ठेक्यावर काम करणारा आमचा एक सभासद अपघातात गेला. शोकसभेसाठी त्याचा फोटो मोठा करून हवा होता. त्याचा फोन त्याच्याबरोबरच चुरडला होता आणि लग्नातला फोटो घर गळून खराब झाला होता. अखेर हाती लागला तो ओळखपत्रावरचा फोटो. ती ओळखपत्रे कशी तयार झाली ते मी पाहिले होते. एका सकाळी दीडशे माणसे भिंतीसमोर ओळीने उभी केली आणि "पुढचा या, मान वर, झालं" या तालावर काम उरकले. तोच फोटो मोठा करून, हार घालून आम्ही ठेवला. त्याची पत्नी आली, फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, हे असे कधीच नव्हते हो दिसत."

नाक, डोळे, कपाळ सगळे त्याचेच होते. पण माणूस त्यात नव्हता.

मी आमच्या गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारले, की असे का होते? ते म्हणाले, "पस्तीस वर्षं तेच करतोय. हनुवटी खाली, खांदा सरळ. तरुणपणी वाटायचं, काहीतरी वेगळं करू. पण पोट गिऱ्हाइकावर. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता कला राहून गेली."

गिऱ्हाईक एका बाजूला आणि कला दुसऱ्या बाजूला, ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. शिंपी असो, सुतार असो, शाळामास्तर असो, रोजचे काम हेच आपल्या स्फूर्तीचे वैरी आहे, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. या समजुतीला ज्याच्या आयुष्याने चोख उत्तर दिले, त्या जर्मन फोटोग्राफरची गोष्ट मला पुढे वाचनालयात सापडली. त्याचे नाव आउगुस्ट झांडर.

झांडरचा जन्म 1876 साली हेर्डोर्फ या खाणींच्या गावी झाला. बाप खाणीत सुतारकाम करी. गावातली मुले शाळा सुटली की खाणीवर जात, तसा हाही गेला. एकदा खाणीचे फोटो घेण्यासाठी एक फोटोग्राफर आला आणि त्याच्या मदतीला या पोराला दिले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. तिच्या पाठीमागे दुधी काच असते आणि समोरचे दृश्य तिच्यावर उलटे उमटते. रोजचे डोंगर, रोजचे आकाश त्या काचेवर पाहून पोराला वेड लागले. पुढे मामा-काकांपैकी एकाच्या मदतीने त्याने कॅमेरा मिळवला आणि बाकीचे शिक्षण आपले आपणच केले. कोणत्याही विद्यापीठाने घडवले नाही अशा माणसाविषयी मला आपुलकी वाटली, तर आपण समजून घ्याल.

या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी तो ऑस्ट्रियातील लिंत्स शहरी एका स्टुडिओत नोकरीस लागला आणि थोड्याच वर्षांत त्याचा मालक झाला. प्रतिष्ठित गिऱ्हाईक येई, प्रदर्शनांतून पदके मिळत. त्या काळी फोटो जितका चित्रासारखा दिसेल तितका तो उंची समजला जाई. त्याची एक रीत अशी की डिंकात रंग कालवायचा, त्यात प्रकाशाने घट्ट होणारे रसायन मिसळायचे आणि तो लेप कागदावर द्यायचा. निगेटिव्हमधून प्रकाश पडला की उजेडाचा भाग घट्ट होतो. उरलेला रंग पाण्याने आणि कुंचल्याने धुऊन काढता येतो. अशा छपाईत सुरकुत्या विरतात, कडा मऊ होतात, कपड्याचा पोत नाहीसा होतो. गिऱ्हाईक खूश, परीक्षक खूश. या कामात झांडर तरबेज होता.

पुढे 1910 च्या सुमारास त्याने लिंत्स सोडले आणि जर्मनीतील कोलोन शहरी नवे दुकान मांडले. परक्या शहरात गिऱ्हाईक कमी. घरी बायकामुले. तेव्हा हा पदकवाला कलावंत सुट्टीच्या दिवशी सायकलवर सामान लादून जवळच्या वेस्टरवाल्ड या डोंगराळ मुलखातल्या खेड्यांत जाऊ लागला. आपल्याकडे जत्रेत फोटोवाले येत, तशातलाच हा प्रकार. शेतकरी कुटुंबांचे फोटो काढायचे, पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावी जायचे. मोठेपणाच्या शिडीवरून पाहिले तर ही उतरण होती. आणि नेमके येथेच त्याला आपले खरे काम सापडले.

ते कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

शेतकऱ्याकडे स्टुडिओचा रंगवलेला पडदा नव्हता, की नक्षीदार खुर्ची नव्हती. फोटो घ्यायचा तो त्याच्या अंगणात, बांधावर, रानाच्या कडेला. त्यामुळे माणूस आपल्या जागी उभा असे आणि परका असे तो फोटोग्राफर. शिवाय कॅमेरा तिवईवर, आत काचेची प्लेट आणि प्रकाश घ्यायला कित्येकदा दोन-चार सेकंद लागत. तेवढा वेळ उसने हसू टिकत नाही. माणसाला स्वतःला सावरून, आपल्या पायांवर नीट उभे राहावे लागते. आपण कोण आहोत, लोकांनी आपल्याला कसे पाहावे, हे तो त्या काही क्षणांत स्वतः ठरवतो. झांडरला त्यांची बोली येत होती, कारण तो शेजारच्याच मुलखातला. फोटोग्राफरने घाई करायची नाही आणि समोरच्याला आपल्या साच्यात बसवायचे नाही. निम्मे काम त्याने करायचे, निम्मे गिऱ्हाइकाने.

लिंत्समध्ये तो गिऱ्हाइकाला सजवत होता. येथे तो गिऱ्हाइकाला वाट देऊ लागला.

त्या शेतकऱ्यांच्या फोटोंतून त्याने पुढे बारा निवडले आणि तीच आपल्या मोठ्या कामाची पहिली थैली मानली. कामाचे नाव 'विसाव्या शतकातील माणसे'. शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि व्यवसाय, कलावंत, महानगर आणि शेवटी समाजाने कडेला टाकलेली माणसे, असे सात विभाग आणि पंचेचाळीस थैल्या त्याने आखल्या. 1920 नंतर कोलोनमधल्या डाव्या विचारांच्या चित्रकारांशी त्याची मैत्री झाली. तेव्हा तर डिंकाची रंगसफेदी सोडून त्याने गुळगुळीत, चकचकीत कागद घेतला, ज्यावर त्या वेळी यंत्रांचे आणि इमारतींचे फोटो छापत. सुरकुती आली तर येऊ दे, शिवण उसवली असेल तर दिसू दे.

त्यातले काही फोटो मी पुस्तकात पुन्हापुन्हा पाहिले आहेत. 1928 मधला एक बिगारी आहे. खांद्यावर फळी, फळीवर विटांचा ढीग, दोन्ही हात वर आणि नजर थेट आपल्याकडे. तो ओझ्याची तक्रार करत नाही, मोठेपणाही सांगत नाही. एक मिठाईवाला आचारी आहे. पांढरा अंगरखा, हातात मोठे भांडे, देह भरलेला, आणि उभा असा की हे स्वयंपाकघर म्हणजे त्याचे राज्यच. आणि त्याच साली घेतलेला एक बेकार. डोके भादरलेले, टोपी हातात, रस्त्याच्या कोपऱ्याशी उभा. पहिल्या दोघांच्या हातांत काम आहे. याच्या हातात फक्त टोपी आहे. 1929 साली साठ फोटोंचे पुस्तक निघाले, 'काळाचा चेहरा' या अर्थाच्या नावाचे. ते शेतकऱ्यापासून सुरू होते आणि या बेकारापाशी संपते. बेकारीवर मी शेकडो भाषणे केली असतील. त्या एका फोटोइतके त्यांतले एकही नेमके नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता आपण म्हणाल, माणसाचे नाव न देता खाली नुसता धंदा लिहायचा, हे बरे का? ही शंका मलाही आली. धंद्यावरून माणूस ओळखण्याच्या सवयीने आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या काय अनर्थ केला, हे या सभागृहात कोणी कोणाला सांगायला नको. झांडरची मांडणीही येथे तोकडी पडते, आणि तिचा पुरावा त्याच्याच सर्वांत गाजलेल्या फोटोत आहे. 1914 सालचे 'तीन तरुण शेतकरी', काळे सूट, हॅट, हातांत काठ्या, चिखलाच्या वाटेवर थबकून मागे वळून पाहणारे. पुष्कळ वर्षांनी शोध घेतला तेव्हा कळले की ते शेतकरी नव्हतेच. ते लोखंडाच्या खाणीत कामाला होते आणि त्यांतला एक पुढे पहिल्या महायुद्धात मारला गेला. म्हणजे खालची पाटी चुकली, पण फोटो चुकला नाही. सुट्टीच्या दिवशी चांगले कपडे घालून निघालेल्या खाणकामगारांचा डौल त्याने जसाच्या तसा राखून ठेवला. पाटीपेक्षा चेहरा मोठा असतो, हे त्याच्या कॅमेऱ्याला त्याच्या योजनेपेक्षा अधिक कळले होते.

हिटलरची राजवट 1933 साली आली. सगळा देश एकाच साच्याचा, देखणा आणि शूर दाखवू पाहणाऱ्यांना हे खरे चेहरे परवडणारे नव्हते. 1936 साली झांडरच्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले गेले. त्याआधीच, 1934 साली, त्याचा थोरला मुलगा एरिख पकडला गेला होता. तो एका समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता. त्याला दहा वर्षांची सजा झाली, आणि सुटकेला थोडेच महिने उरले असता 1944 साली, आजारात वेळेवर उपचार न मिळाल्याने, तो तुरुंगातच मेला.

अशा काळातही बापाचा स्टुडिओ चालूच होता. गणवेशातले नाझी अधिकारी फोटोसाठी येत. आणि 1938 च्या सुमारास दुसरेही गिऱ्हाईक येऊ लागले. कोलोनमधल्या ज्यूंना सक्तीच्या ओळखपत्रांसाठी आणि परदेशी निसटण्याच्या कागदपत्रांसाठी फोटो लागत. मघाशी मी सांगितली तीच गोष्ट, ओळखपत्राचा फोटो! झांडरने काय केले? त्याने त्यांना खुर्चीवर बसवले, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घेतला आणि वेस्टरवाल्डच्या शेतकऱ्याला जितका वेळ आणि मान दिला होता, तितकाच यांनाही दिला. म्हातारी बाई, पोक्त गृहस्थ, तरुण पोर, सगळे आपापल्या प्रतिष्ठेत बसलेले. ज्या कागदासाठी फोटो हवा होता, तो कागद त्यांचे माणूसपण काढून घेण्यासाठी होता. फोटोने ते परत दिले. पुढे झांडरने या फोटोंची वेगळी थैली केली आणि तिला 'छळ झालेले' असे नाव दिले. तुरुंगातल्या राजकीय कैद्यांचे एरिखने घेतलेले फोटोही त्याने आपल्या कामात घेतले. 2018 साली पॅरिसच्या शोआ स्मारकात, म्हणजे ज्यू संहाराच्या स्मारकात, छळ करणारे आणि छळ झालेले अशा दोघांचेही त्याचे फोटो शेजारी शेजारी मांडले गेले.

युद्धात बाँबफेकीने त्याचा स्टुडिओ गेला. सुमारे दहा हजार निगेटिव्ह त्याने आधीच वेस्टरवाल्डमधल्या एका खेड्यात हलवल्या होत्या. कोलोनच्या तळघरात उरलेल्या पंचवीस-तीस हजार 1946 च्या आगीत जळाल्या. जे काम आज जग पाहते, त्याला आसरा दिला तो त्याच मुलखाने, जेथे तो पोटासाठी सायकल मारत गेला होता. 1964 साली तो वारला.

श्रोतेहो, या गोष्टीचे तात्पर्य माझ्या मते असे आहे. स्फूर्ती ही कामातून रजा घेऊन कोठे डोंगरावर शोधायची वस्तू नव्हे. ती आटते, कारण समोरचा माणूस आपल्याला दिसेनासा होतो. फोटोवाल्याला तो 'पासपोर्ट साइज' दिसतो, डॉक्टरला 'पोटदुखी', आणि माझ्यासारख्याला 'ग्रॅच्युइटीची केस'. होय, माझीही अशी काही वर्षे गेली. तक्रारी त्याच, तारखा त्याच. मला कंटाळा कामाचा आला आहे असे वाटे. खरे पाहता मी चेहरे पाहणे सोडले होते.

शेवटी एकच सांगतो. झांडरचे पुस्तक मी आमच्या त्या स्टुडिओवाल्यांना नेऊन दाखवले. ते काही बोलले नाहीत. पुढे संघटनेची ओळखपत्रे करायची होती, तेव्हा ते काम मी त्यांना दिले. एका सकाळचे काम त्यांना तीन दिवस लागले. प्रत्येकाला बसवायचे, "काय काम करता? किती वर्षं?" असे विचारायचे आणि उत्तर देऊन माणूस निवांत झाला, की मगच बटण दाबायचे. भट्टीवर काम करणाऱ्या एका सभासदाने आपला फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हा घरी लावण्यासारखा आहे." स्टुडिओवाल्यांनी तिन्ही दिवसांचे पैसे एका दिवसाचेच घेतले. मी आग्रह केला, कारण मजुरी बुडवू देणे आमच्या धर्मात बसत नाही. ते म्हणाले, "उरलेले दोन दिवस मी माझ्यासाठी काम केलं."

यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.