रस्त्यावरचे मीठ आणि नळाचे पाणी: रक्तदाबाच्या रुग्णांनी काय पाहावे?

हिवाळ्यात टोरांटोला किंवा न्यू जर्सीला मुलांकडे राहिला असाल, तर रस्त्यावर मीठ पसरत जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. हे बहुतेक वेळा आपल्या जेवणातलेच सोडियम क्लोराइड असते, फक्त जाडेभरडे. मिठामुळे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, रस्ता निसरडा होत नाही आणि अपघात टळतात.

बर्फ वितळला की हे मीठ गटारांतून नद्या-तळ्यांत जाते. क्लोराइड कुजत नाही आणि जलशुद्धीकरण केंद्रातल्या नेहमीच्या प्रक्रियेत निघतही नाही. लहान चमचाभर मिठाने सुमारे १९ लिटर पाणी प्रदूषित होते, असा मिनेसोटा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशेब आहे.

मग हे पाणी पिऊन रक्तदाब वाढेल का? समजा, लिटरमागे १०० मिलिग्रॅम सोडियम आहे. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर २०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मीठ पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. निरोगी माणसाने आधी लोणचे-पापडाकडे पाहावे, हे बरे! पण हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा डॉक्टरांनी मीठ काटेकोरपणे मोजायला सांगितले असेल, तर हा अर्धा ग्रॅमही हिशेबात धरावा लागतो. म्हणूनच ऑन्टारिओत सोडियम लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेले की स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे लागते.

मला जास्त काळजी वाटते ती शिशाची. क्लोराइडमुळे धातूचे नळ गंजतात. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली. त्यात क्लोराइड जास्त होते (रस्त्यावरच्या मिठाचाही त्यात वाटा होता) आणि गंजरोधक मिसळलेले नव्हते. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

घर जुने असेल तर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी थंड पाण्याचाच नळ वापरा आणि शिशाची तपासणी करून घ्या. रस्त्यालगत स्वतःची विहीर असेल तर सोडियम-क्लोराइडही तपासा. शहरात पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल पाहा. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडे दाटच होते. साध्या कोळशाच्या फिल्टरनेही ते निघत नाही, आरओने निघते.