टाकी रिकामी कुठे करायची?

जुनी कॅरव्हान घेणारा आधी इंजिन ऐकतो, मग टायर बघतो, मग गादी दाबून बघतो. संडासाचं दार उघडायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि बरेच सौदे तिथेच नरम पडतात. भांडं पिवळं पडून तडकलेलं, झडप अर्ध्यावर अडकलेली, आणि खालची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी. वरून कितीही फिनेल ओता, वास जात नाही. कारण वास भांड्याचा नसतोच, फळीत मुरलेल्या पाण्याचा असतो.

आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीच्या वाटेने गोव्याला पोहोचलेल्या फोक्सवॅगन, पूनम धिल्लन यांनी हिंदी सिनेमात रूढ केलेल्या व्हॅनिटी व्हॅन, आणि महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणल्यावर हौसेने सजवलेल्या काही ट्रॅव्हलर. त्यातली एखादी जुनी गाडी घेऊन कुणी गडचिरोलीतल्या आलापल्ली-भामरागडकडे निघणार असेल, तर त्याने संडास घरीच बदलावा. वाटेत बदलू म्हणाल तर सुटा भाग मिळणार नाही.

काम तसं अवघड नाही, किळसवाणं आहे. जुन्या अमेरिकी गाड्यांत भांडं थेट गाडीच्या फरशीखालच्या टाकीवर बसवलेलं असतं. मधे एक कडं, एक रबरी गॅस्केट, दोन बोल्ट. युरोपी गाड्यांत बहुधा कॅसेट असते, म्हणजे वीसेक लिटरची डबी, जी बाहेरच्या झाकणातून ओढून काढता येते. नवं भांडं मागवण्याआधी तीन मापं घ्यावीत: कड्याच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, बैठकीची उंची आणि दार उघडल्यावर गुडघ्याला उरणारी जागा. तिसरं माप सगळे विसरतात. टाकी आधी रिकामी करून धुवायची, हातमोजे घालायचे, आणि ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तिच्यावर ॲसिड अजिबात ओतायचं नाही. विषारी वायू होतो. बोल्ट गंजलेले निघतात. तिथे हातोडा न मारता तेल सोडून रात्रभर थांबावं. कुजलेली फळी पूर्ण काढावी, एम-सीलने लिंपून वेळ मारून नेऊ नये. नवी फळी सागाची घातलीत तर तुमचा मुक्काम आलापल्लीला आहे याला काही अर्थ. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या आगारातून जे लाकूड गेलं, ते याच पट्ट्यातलं.

गोची पुढे आहे. या कॅसेट कागद वापरणाऱ्यांसाठी बनलेल्या. आपण पाणी वापरतो. चौघांच्या कुटुंबाने तांब्याने धुवायचं म्हटलं की वीस लिटरची डबी दुसऱ्या दिवशी काठोकाठ. ती काढून हातात धरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. परदेशात कॅम्पिंगच्या जागी ती ओतायला खास व्यवस्था असते. आष्टीला वैनगंगा ओलांडून पुढे आलात की डावी-उजवीकडे सागाचं जंगल. तिथला एखादा मेकॅनिक कौतुकाने गाडी बघेल आणि पहिलं विचारेल, "भाऊ, हे खाली कुठं करता?"

रेल्वेने हा प्रश्न शंभर वर्षं विचारलाच नाही. खाली भोक, भोकाखाली रूळ. बल्लारशाहहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीने मैला रुळावरच टाकला. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 च्या अहवालात रुळांना चढणाऱ्या गंजाकडे बोट दाखवलं, तेव्हा ही गोष्ट स्वच्छतेची न राहता सुरक्षेची झाली. त्याआधी वर्षभर, 2011 मध्ये, बुंदेलखंड एक्स्प्रेसला डीआरडीओच्या तंत्रावरचे जैवशौचालय बसले होते. टाकीत कप्पे असतात, त्यांत हवेशिवाय जगणारे जीवाणू मैला पचवतात. उरलेलं पाणी क्लोरीनवरून जाऊन बाहेर पडतं. पुढच्या दहा वर्षांत अशा अडीच लाखांहून अधिक टाक्या डब्यांखाली लागल्या. चालत्या वाहनांतले जुने संडास इतक्या मोठ्या संख्येने दुसरीकडे कुठे बदलले असतील असं वाटत नाही. अर्थात प्रवाशांनी त्यांत बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लंगोट काय काय टाकलं! टाक्या तुंबत असल्याचं कॅगने 2017 मध्ये नोंदवलं. जीवाणूंना मैला पचतो, प्लास्टिक नाही.

पुण्यात उलटी गंमत झाली. राजीव खेर आणि उल्का सादळकर यांनी 2016 मध्ये पीएमपीच्या भंगारात निघालेल्या बस घेऊन त्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली. बस जागेवर उभी राहिली, म्हणून गटाराशी जोडता आली. फिरत्या गाडीला ती सोय नाही.

म्हणून माझं मत असं, की जंगलात जाणाऱ्या गाडीत रसायनाची कॅसेट घालूच नये. तिच्यातलं निळं औषध वास दाबतं, पण अनेक ब्रँडमधल्या फॉर्मल्डिहाइडने सेप्टिक टँकमधले जीवाणू मरतात. एखाद्या लॉजवाल्याने भलेपणाने आपल्या टँकमध्ये ओतू दिलं, तर त्याची टाकी बिघडवून तुम्ही निघून जाता. त्यापेक्षा कोरडा संडास बरा: लघवी पुढच्या डब्यात, मैला मागच्या बादलीत, वर मूठभर राख किंवा कोकोपीट. धुण्याचं पाणी बादलीत जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी शेजारी वेगळी जागा ठेवावी लागते. सवयीला चार दिवस लागतात. छपरावर निघणारा वाऱ्याचा पाइप मात्र हवाच. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसावर जातो. आरागिरणीजवळ सागाचा भुसा दिसेल, पण तो कुजायला चिवट, म्हणून एकटा वापरू नये.

कोरडा संडास आपल्याला नवा नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासावर वर्षानुवर्षं काम केलं. याच माणसाने 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. कॅरव्हानवाल्याने एवढं तरी करावं, की गावातल्या कुणाच्या हातावर शंभराची नोट ठेवून आपली बादली त्याच्याकडून धुवून घेऊ नये. हाताने मैला उचलायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हाच आहे.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यावर वनवैभव लागतं: 6 हेक्टरचं जुनं जंगल, 2014 पासून राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ. पुढे हेमलकसा, मग भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. काठचे लोक हेच पाणी वापरतात, त्यामुळे नदीकाठी, ओढ्यात किंवा झाडामागे काही ओतण्याचा विषयच येत नाही. लघवीचा डबा आलापल्लीतच रिकामा करून निघावं. मुक्कामाच्या ठिकाणी मालकाला आधी सांगून, रसायन नसल्याची खात्री देऊन, त्याच्या सेप्टिक टँकच्या संडासात ओतावं. राख-कोकोपीट घातलेला ऐवज मात्र तिथे टाकू नये, तुंबतो. तो झाकणाच्या डब्यात बंद करून घरी न्यावा आणि बागेच्या कोपऱ्यात वर्षभर कुजवावा. डब्याचं झाकण स्क्रूचं घ्या. दाबून बसणारं झाकण आलापल्ली-भामरागड रस्त्यावरच्या खड्ड्यांत टिकत नाही.